हेल्मेट की मास्क: नळी न घालता व्हेंटिलेशन देताना काय, कुणाला आणि कसं

धाप लागलेला पेशंट समोर आहे. नुसत्या ऑक्सिजनवर भागत नाही, आणि घशात नळी घालायची वेळही अजून आलेली नाही. अशा वेळी चेहऱ्याला मास्क लावायचा की डोक्यावर हेल्मेट (अख्खं डोकं झाकणारा, गळ्याशी बंद होणारा पारदर्शक हूड) चढवायचं, हे कपाटात काय शिल्लक आहे यावरून ठरवू नये. एबीजीच्या (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या तपासणीच्या) कागदावरून ठरवावं.

कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर चढलाय, पीएच ७.३५ च्या खाली आहे, सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचा) जुना रोगी आहे: मास्क. कार्बन डायऑक्साइड नॉर्मल किंवा कमीच आहे, पण ऑक्सिजन काही केल्या चढत नाही, एक्सरेत दोन्ही बाजूंना न्यूमोनियाचे पांढरे डाग आहेत, म्हणजे चांगला वरचा पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) दिवसरात्र द्यावा लागणार: हेल्मेटचा विचार करावा. हृदय कमी पडून फुप्फुसात पाणी भरलं असेल तर दोन्ही चालतात. तिथे जे पाच मिनिटांत लागेल ते लावावं, बहुतेक पेशंट काही तासांत मशीनवरून सुटतात.

या वाटणीमागचं कारण हवेच्या मापात आहे. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कच्या आत फार तर पाव लिटर जागा असते. हेल्मेटच्या आत, मापानुसार, १२ ते १८ लिटर. पेशंट बाहेर सोडतो तो कार्बन डायऑक्साइड या सगळ्या हवेत मिसळतो आणि तीच हवा तो पुन्हा आत घेतो. ताजा फ्लो (वाहती हवा) भरपूर असेल तरच तो धुतला जातो. दुसरं म्हणजे व्हेंटिलेटरने दाब दिला की फुग्यासारखा आधी मऊ हूड फुगतो, छातीपर्यंत दाब मागाहून पोचतो. म्हणून श्वासाच्या स्नायूंचं ओझं कमी करून कार्बन डायऑक्साइड उतरवायच्या कामात हेल्मेट मागे पडतं. सीओपीडीच्या पेशंटमध्ये २००४ साली झालेल्या इटालियन तुलनेत हेच दिसलं: हेल्मेट सोसायला सोपं, पण कार्बन डायऑक्साइड मास्कइतका उतरला नाही.

पीपचं गणित उलटं. मास्क गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर टेकतो, त्यामुळे दाब १०-१२ सेंमी पाण्याच्या पुढे गेला की कडेने हवा सुटते, पट्टे आवळावे लागतात, कातडी सोलते आणि रात्री दोन वाजता पेशंट मास्क ओढून काढतो. हेल्मेट गळ्याशी सील होतं. चेहरा मोकळा राहतो, खोकता येतं, चष्मा लावता येतो, स्ट्रॉने पाणी पिता येतं. पीप तासन्‌तास न तुटता मिळतो, आणि खराब झालेलं फुप्फुस उघडं ठेवायला तेच लागतं.

पुरावा काय म्हणतो

२०१५ च्या फ्रेंच फ्लोराली अभ्यासात ऑक्सिजन कमी पडलेले ३१० पेशंट होते. ९० दिवसांतले मृत्यू हाय फ्लो नेझल ऑक्सिजनच्या (नाकातून वेगाने दिलेल्या ऑक्सिजनच्या) गटात १२ टक्के, साध्या ऑक्सिजनच्या गटात २३ टक्के आणि मास्कने एनआयव्ही (नळी न घालता व्हेंटिलेशन) दिलेल्या गटात २८ टक्के. मास्कमध्ये पेशंट फार मोठे श्वास ओढत होते, आणि मोठा श्वास आजारी फुप्फुसाला आणखी इजा करतो.

मग २०१६ साली शिकागो विद्यापीठाच्या आयसीयूतला निकाल आला. एआरडीएसचे (दोन्ही फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घसरण्याच्या गंभीर आजाराचे) ८३ पेशंट. मास्कवर राहिलेल्यांपैकी ६१.५ टक्के लोकांना नळी घालावी लागली, हेल्मेटवर गेलेल्यांपैकी १८.२ टक्के. हा फरक बघून अनेकांनी हेल्मेट मागवली. पण तो निकाल वाचताना दोन गोष्टी विसरल्या जातात. अभ्यास एकाच केंद्रातला होता आणि मधेच थांबवला गेला. शिवाय हेल्मेटच्या गटाला पीप सुमारे ८ मिळाला, मास्कच्या गटाला सुमारे ५. म्हणजे तुलना नुसत्या टोपीची नव्हती, दाबाचीही होती.

कोविडमध्ये इटलीतल्या चार आयसीयूंनी हेल्मेट एनआयव्ही आणि हाय फ्लो यांची तुलना केली. नळी लागण्याचं प्रमाण ३० विरुद्ध ५१ टक्के, पण अभ्यासाचा मुख्य निकष होता श्वासाच्या आधाराशिवाय गेलेले दिवस, आणि त्यात फरक पडला नाही. सौदी अरेबिया आणि कुवेतमधल्या ३२० पेशंटच्या अभ्यासात २८ दिवसांतले मृत्यू हेल्मेटच्या गटात २७ टक्के, नेहमीच्या उपचारात २६.१ टक्के. २०२३ च्या युरोपियन एआरडीएस मार्गदर्शिकेने हेल्मेट की मास्क यावर शिफारस करायचंच टाळलं.

आमचं मत असं: हेल्मेटचा फायदा ते रोज वापरणाऱ्या हातांत दिसतो. ज्या युनिटमध्ये वर्षाकाठी दोन हेल्मेट उघडली जातात तिथे नीट बसवलेला मास्क किंवा हाय फ्लो जास्त सुरक्षित.

मास्क लावताना

आधी मास्क कुठला आहे ते बघा. गडबड सगळ्यात जास्त इथेच होते. कोपऱ्याच्या जोडावर किंवा मास्कवरच बारीक भोकं असतील तर तो व्हेंटेड, आणि तो एका नळीच्या बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणाऱ्या) मशीनसाठी. भोकं नसतील तर नॉन-व्हेंटेड. तो दोन नळ्यांच्या आयसीयू व्हेंटिलेटरसाठी. नॉन-व्हेंटेड मास्क एका नळीच्या बायपॅपला जोडला आणि नळीत श्वास सोडायचं भोक नसलं, तर पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत परत ओढतो. सॅच्युरेशन छान दिसतं आणि पेशंट झोपाळतो. उलट व्हेंटेड मास्क दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरला लावला तर लीकचा अलार्म अखंड वाजतो. एका नळीच्या मशीनवर ईपॅप (श्वास सोडतानाचा दाब) ४ च्या खाली कधीच नेऊ नये, कारण भोकांतून हवा धुवून न्यायला तेवढा दाब लागतो. ती भोकं चिकटपट्टीने बुजवलेली दिसली तर पट्टी ताबडतोब काढा. "हवा सुटतेय" म्हणून कुणीतरी ती भलेपणाने लावलेली असते.

मापासाठी पाकिटातली गेज वापरा. वरची कड नाकाच्या दांड्यावर, खालची कड खालच्या ओठाच्या जरा खाली, बाजू तोंडाच्या कोपऱ्यांच्या थोड्या बाहेर. तोंड किंचित उघडं ठेवून मोजावं. दोन मापांत अडलात तर लहान घ्या. मोठा मास्क वर सरकतो आणि डोळ्यांत हवा मारतो. नाकाच्या दांड्यावर हायड्रोकोलॉइडची पट्टी सुरुवातीलाच लावायची, लाली आल्यावर नाही. कवळी घट्ट बसत असेल आणि पेशंट शुद्धीवर असेल तर तोंडातच राहू द्या, गाल भरलेले राहतात आणि सील चांगलं होतं. दाट दाढी असेल तर ट्रिम करायची परवानगी आधी मागा.

पलंगाचं डोकं ४५ अंश वर. मशीन सुरू करून मग मास्क चेहऱ्याशी आणा, आणि पहिली काही मिनिटं पट्टे न लावता हाताने धरा. जमलं तर पेशंटच्याच हातात द्या. "हवा जोरात येईल, तिच्याशी भांडू नका, नाकाने श्वास घ्या" एवढं सांगितलं की निम्मी घाबरगुंडी उतरते. सुरुवात आयपॅप (श्वास घेतानाचा दाब) ८ ते १०, ईपॅप ४ ते ५. कार्बन डायऑक्साइड चढलेला असेल तर दर ५-१० मिनिटांनी आयपॅप २ ने वाढवत पहिल्या तासात १५ ते २० पर्यंत न्या. लावला आणि १० वरच सोडून दिला, ही सीओपीडीत मास्क फसण्याची फार साधी तऱ्हा. त्या पेशंटचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं, ९८ बघून खूश व्हायचं नाही. दाब २०-२५ च्या पुढे गेला की अन्ननलिकेची खालची झडप उघडते आणि हवा पोटात जाते. पोट टम्म दिसलं तर राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकून हवा काढा.

पट्ट्याखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हवा सुटत असेल तर आवळण्याआधी मास्क चेहऱ्यापासून थोडा ओढून पुन्हा टेकवा, म्हणजे कडेची गादी फुलते. थोडा लीक मशीन भरून काढतं, तो चालतो. डोळ्यांत जाणारा लीक चालत नाही.

घरगुती बायपॅपवर ऑक्सिजन कडेने सोडला जातो तिथे एक भ्रम सांभाळावा. मशीनचा फ्लो आणि लीक जितका जास्त तितका तो ऑक्सिजन पातळ होतो. १५ लिटर सोडले म्हणजे १०० टक्के मिळाले असं नव्हे, निम्म्याच्या आसपास मिळाला तरी पुष्कळ. गंभीर न्यूमोनियाला हे मशीन लावून रात्र काढायचा बेत करू नये.

हेल्मेट चढवताना

पाकीट उघडल्यावर पारदर्शक हूड, खाली कडक रिंग, रिंगेला मऊ कॉलर, हवा आत-बाहेर जाण्याची दोन मोठी तोंडं, दाब गेला तर आपोआप उघडणारी सुरक्षा झडप, नळी किंवा स्ट्रॉ घालायचं छोटं बंद होणारं तोंड आणि बगलेतून जाणारे दोन पट्टे दिसतात. गळ्याचा घेर टेपने मोजा आणि त्या कंपनीच्या तक्त्याप्रमाणे माप घ्या. "मध्यम लागेल" असा अंदाज चालत नाही. मोठं घेतलं की दाब आल्यावर अख्खं हेल्मेट वर उचललं जातं, कॉलर हनुवटीला लागते आणि हवा गळ्याशी सुटते.

गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, केसातल्या पिना, लोंबते कानातले काढावे लागतात. कॉलरखाली मण्यांची सर राहिली तर सील होत नाही आणि कातडीत वण उमटतात. पिन प्लास्टिक फाडते. मंगळसूत्र काढायला बऱ्याच बायका आणि त्यांचे घरचे तयार नसतात. मनगटाला गुंडाळून बांधायचं सुचवा, बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. अंबाडा मानेवर नको, सैल वेणी घाला.

माणसं दोन लागतात. फ्लो आधी सुरू करा, मगच हेल्मेट डोक्यावर आणा. बंद हूड चढवून मग ऑक्सिजनची नळी शोधायला जाणं म्हणजे पेशंटला पिशवीत घालणं. दोघांनी समोरासमोर उभं राहून कॉलर चारी हातांनी ताणायची, नाक आणि कान सांभाळत वरून खाली आणायची, आणि कॉलरची कड आत दुमडलेली नाही ना हे बोट फिरवून बघायचं. बगलेतल्या पट्ट्यांखाली कापसाची किंवा फोमची गादी घाला. दाब आल्यावर हेल्मेट वर जातं, म्हणून पट्टे शेवटचे दाब आल्यानंतर बसवावेत. बगल लाल होते, हात सुजतो. सुजलेल्या हातात रक्ताची गाठ नाही ना हे बघावं लागतं. त्याच बाजूला पीआयसीसी लाइन (दंडातून मोठ्या शिरेत घातलेली बारीक नळी) असेल तर पट्टा तिच्यावर येऊ देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं: फ्लो. सीपॅप (सतत एकसारखा दाब) देताना हेल्मेटला मिनिटाला किमान ३० लिटर ताजी हवा लागते. तो अगदीच तळ झाला, काम ५० ते ६० लिटरवर करावं. याच कारणासाठी आयसीयू व्हेंटिलेटर सीपॅप मोडवर ठेवून हेल्मेटला जोडू नये. व्हेंटिलेटर पेशंट ओढेल तेवढीच हवा देतो, हूड धुण्यासाठी वेगळा फ्लो राहत नाही, आणि आतला कार्बन डायऑक्साइड चढतो. सतत फ्लोचा सीपॅप द्यायचा तर भिंतीवरचा ऑक्सिजन आणि मेडिकल एअर ब्लेंडरमधून, किंवा व्हेंचुरी फ्लो जनरेटर, आणि बाहेरच्या तोंडाला व्हायरल फिल्टर व त्यापुढे पीप व्हॉल्व्ह. फिल्टर आधी, व्हॉल्व्ह नंतर.

किती ऑक्सिजन सोडायचा ते असं काढा: एकूण फ्लोला, हवे ते टक्के वजा २१ यांनी गुणा आणि ७९ ने भागा. ६० लिटर एकूण फ्लोसाठी:

४० टक्के: ऑक्सिजन १४-१५, हवा ४५-४६
५० टक्के: ऑक्सिजन २२, हवा ३८
६० टक्के: ऑक्सिजन ३०, हवा ३०
८० टक्के: ऑक्सिजन ४५, हवा १५

आता हे सिलिंडरच्या भाषेत बघा. ७ घनमीटरच्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर मावतात. मिनिटाला ३० लिटर म्हणजे एक जंबो चार तासांच्या आत रिकामा. दिवसाला सहाहून जास्त. १५ लिटरच्या रिझर्व्हॉयर मास्कला दिवसाला तीनहून थोडे जास्त लागतात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात ज्यांनी टँकरची वाट बघितली त्यांना हा हिशोब समजावून सांगायला नको. पाइपलाइन नसलेल्या, जंबोवर चालणाऱ्या हॉस्पिटलने सतत फ्लोचं हेल्मेट सुरू करण्याआधी रात्रभराचे सिलिंडर मोजावेत. शिवाय वॉर्डातले नेहमीचे फ्लोमीटर १५ लिटरपर्यंतच मोजतात. गोळी वर चिकटवून "फुल" सोडलेला फ्लो किती, हे तो फ्लोमीटर सांगू शकत नाही.

दाब पीप व्हॉल्व्हवरच्या आकड्यावरून गृहीत धरू नका, हेल्मेटला मॅनोमीटर लावा. व्हॉल्व्ह १० वर आणि मॅनोमीटर ६ दाखवतोय, म्हणजे गळ्याशी मोठा लीक आहे किंवा फ्लो कमी आहे. ८ वर सुरू करून १०-१२ पर्यंत न्या. पेशंट श्वास आत ओढतो त्या क्षणी मॅनोमीटरची सुई २-३ पेक्षा जास्त पडत असेल तर फ्लो वाढवा.

आत आवाज फार असतो. आत येणाऱ्या नळीवर फिल्टर लावला की तो कमी होतो, आणि इअरप्लग सगळ्यांना द्यावेत. नळीत पाणी साठलं तर गुडगुड सुरू होते, ते काढत राहा. भिंतीवरचा वायू कोरडा असतो, म्हणून ह्युमिडिफायर लागतो, पण नळी घातलेल्या पेशंटसारखा ३७ अंशांवर ठेवलात तर हूडच्या आत धुकं धरतं आणि पेशंटला समोरचं काही दिसत नाही. तापमान कमी ठेवा, थेंब दिसू लागले की आणखी उतरवा.

व्हेंटिलेटरवर हेल्मेट

प्रेशर सपोर्ट (प्रत्येक श्वास घेताना दाबाची मदत) द्यायचा असेल तर आत जाणारी नळी एका तोंडाला, बाहेर येणारी दुसऱ्या तोंडाला, मधे वाय-पीस नको. वाय लावलात तर दोन्ही नळ्या एकाच बाजूला येतात आणि हूडची दुसरी बाजू धुतली जात नाही. एका नळीचं बायपॅप मशीन हेल्मेटला लावायचं नाही.

मास्कवरचे आकडे जसेच्या तसे हेल्मेटवर आणले तर आधार कमी पडतो. २००९ मधल्या एका तुलनेत पीप आणि प्रेशर सपोर्ट दोन्ही मास्कपेक्षा ५० टक्के वाढवले आणि दाब चढायचा वेग सर्वांत जलद ठेवला, तेव्हा श्वासाच्या स्नायूंना मास्कच्या तोडीचा आराम मिळाला. व्यवहारात: एनआयव्ही मोड चालू, पीप १०, प्रेशर सपोर्ट १० ते १२, राइझ टाइम (दाब चढायला लागणारा वेळ) शून्याकडे, फ्लो ट्रिगर (मशीनला श्वास सुरू झाल्याचं कळवणारा फ्लो) २ लिटर, सायकलिंग (मशीन श्वास संपवतं ती पातळी) २५ टक्क्यांपासून, आणि श्वास आत घेण्याची कमाल वेळ १.२ सेकंदाच्या आसपास. ही शेवटची मर्यादा लावली नाही तर लीकमुळे मशीन श्वास संपवतच नाही.

स्क्रीनवरचा टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा, मिलीमध्ये) हेल्मेटमध्ये खोटा असतो. त्यातला मोठा भाग हूड फुगवण्यात जातो. ९०० दिसले म्हणून सपोर्ट उतरवू नका आणि ५०० दिसले म्हणून समाधान मानू नका. पेशंटच्या मानेकडे बघा, मानेचे स्नायू अजून ओढतायत का. मशीनची एक धडक आणि छातीचा एक उठाव जुळतोय का ते हात ठेवून मोजा. श्वासाचा वेग ३० च्या वर असताना मशीन काही श्वास पकडतच नाही.

मास्कवर मात्र बाहेर येणारा टायडल व्हॉल्यूम विश्वासाने वापरता येतो, लीक फार नसेल तर. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ९.५ मिलीपेक्षा जास्त राहत असेल तर ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशंटमध्ये मास्क फसायची शक्यता मोठी. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं असं वजन ६६ किलो येतं, म्हणजे मर्यादा सुमारे ६२५ मिली. सपोर्ट कमी करूनही तो ७५० ओढत असेल तर तो आजाराचा जोर आहे, मशीनचा नाही. तिथे हेल्मेट किंवा नळी याचा निर्णय व्हायला हवा.

पहिले दोन तास

एबीजी सुरू करण्याआधी, एका तासाने आणि चार तासांनी. एका तासाला हॅकर स्कोअर काढा: हृदयाचा वेग, पीएच, शुद्ध, पीएफ रेशो आणि श्वासाचा वेग, एवढीच पाच मापं. ५ पेक्षा जास्त आला तर एनआयव्ही फसायची तयारी ठेवा. पीएफ रेशो म्हणजे पीएओटूला (धमनीतल्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबाला) मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या अंशाने भागणं: पीएओटू ७२ आणि ऑक्सिजन ६० टक्के, तर ७२ भागिले ०.६, म्हणजे १२०. तासाभरानंतर हा १५० च्या पुढे जात नाही, श्वास ३५ वर अडकलाय, पेशंट घामाने भिजलाय, बीपी घसरतंय किंवा तो भलतंच बोलायला लागलाय, तर नळीची तयारी. सॅच्युरेशन ९४ दिसतंय एवढ्यावर थांबू नये. हेल्मेट सोसायला सोपं असल्यामुळे थकलेला पेशंट त्यात शांत दिसतो, आणि उशिरा घातलेल्या नळीची किंमत लवकर घातलेल्या नळीपेक्षा जास्त पडते.

बेचैनी आली तर आधी कारण शोधा: लघवी तुंबलीय, पट्टा रुततोय, फ्लो कमी झालाय, कार्बन डायऑक्साइड चढलाय. हे सगळं बघून झाल्यावर औषध. डेक्समेडेटोमिडिन (शांत करणारं औषध) सुरुवातीचा मोठा लोडिंग डोस न देता, किलोमागे तासाला ०.२ ते ०.७ मायक्रोग्रॅम, मॉनिटरवर डोळा ठेवून. मिडाझोलाम (गुंगीचं औषध) टोचून मास्क सहन करवणं टाळा.

हेल्मेटच्या पेशंटला बाहेरचं जवळजवळ ऐकू येत नाही. हातात घंटी आणि पाटी-पेन्सिल द्या. नातेवाइकांना सांगून ठेवा की मोठ्याने ओरडून उपयोग नाही, समोर उभं राहून हातवारे करावेत. कॉलरखालची आणि बगलेतली कातडी दर चार तासांनी बघा.

गॅसचा पुरवठा तुटला तर पहिलं काम हेल्मेटचं छोटं तोंड उघडणं, दुसरं नळी तपासणं. सुरक्षा झडप गुदमरू देत नाही, पण तेवढ्यावर आतला कार्बन डायऑक्साइड धुतला जात नाही; काही मिनिटांत तो चढतो. म्हणून दाब कमी झाल्याचा अलार्म लावल्याशिवाय हेल्मेटचा पेशंट एकटा सोडायचा नाही. प्रत्येक पाळीतल्या सिस्टरला पट्टे सोडून, रिंग उघडून हेल्मेट काढायचा सराव असावा. सीपीआरच्या वेळी कात्री शोधत बसायला वेळ नसतो.

नळी घालायचं ठरलं तर हेल्मेट सगळ्यात शेवटी काढा. लॅरिंगोस्कोप पेटवून बघितलाय, ट्यूब, बूजी, सक्शन, औषधं भरून तयार, पीप व्हॉल्व्ह लावलेली अँबू बॅग हातात, आणि मग हेल्मेट. पीप गेल्या क्षणापासून सॅच्युरेशन झपाट्याने पडायला लागतं, ७० वर आल्यावर ट्यूब शोधू नये.

सुधारणा असेल तर उतरवणं घाईचं नाही. कोविडच्या इटालियन अभ्यासात हेल्मेट पहिले ४८ तास सलग ठेवलं होतं, आणि ऑक्सिजन कमी पडलेल्या न्यूमोनियात तेच बरं. ऑक्सिजन ४० टक्के किंवा खाली, पीप ८ च्या आत, श्वास २५ च्या खाली आणि पेशंट शांत असेल तर हेल्मेट काढून हाय फ्लोवर किंवा व्हेंचुरी मास्कवर तासभर बघा. दमायला लागला तर परत चढवा. मास्कच्या सीओपीडी पेशंटला दिवसा सुट्ट्या द्या, जेवणाच्या आणि नेब्युलायझेशनच्या वेळी काढा, पण पहिल्या रात्री बंद करू नका. कार्बन डायऑक्साइड झोपेत चढतो.

काढलेलं हेल्मेट कचऱ्यात जायची घाई करू नये. ते एका पेशंटपुरतंच असतं, दुसऱ्याला लावायचं नाही. पण त्याच पेशंटचं नाव लिहिलेल्या पिशवीत, पट्टे आणि व्हॉल्व्हसकट, पुढचे २४ तास त्याच्याच पलंगाशी राहू द्या. दुसऱ्या रात्री परत लागलं तर माप शोधण्यात वेळ जात नाही.